‘मॅडम, ईएमआय किती झेपेल ते सांगा’

मागच्या अंकात ओघात लिहून गेले की तुर्भ्याला सायन-पनवेल हायवेवरच्या एका महागड्या गाड्यांच्या शोरूममध्ये मी चौदा वर्षं अकाउंट्सला होते. नौपाड्यातून निघायचं, ट्रान्स-हार्बर पकडायची, संध्याकाळी तसंच परत. माझं काम सेल्सचं नव्हतं, हिशेबाचं होतं. गिऱ्हाईक हसत हसत सही करून गेलं की त्याची फाइल माझ्या टेबलावर यायची, त्यामुळे कोणाला गाडी काय भावात गेली हे सेल्सच्या पोरांपेक्षा मला जास्त ठाऊक असायचं. त्या एका वाक्यावरून या महिन्यात पत्रांचा ढीग आला आहे आणि बहुतेकांना एकच हवंय: भाव कसा करायचा? मी स्वतः नऊ वर्षं जुनी वॅगन-आर चालवते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कोणी विचारायला नको.

प्रश्न: आम्ही मानपाड्याला राहतो, दोघंही नोकरी करतो. सात सीटची डिझेल एसयूव्ही घ्यायची आहे, ऑन-रोड ८५ लाखांपर्यंत. तीन शोरूम पालथी घातली. पहिला म्हणतो चार लाख सूट. दुसरा म्हणतो अडीच लाख सूट, शिवाय इन्शुरन्स फ्री. तिसरा म्हणतो आमच्याकडे भाव होतच नाही, देशभर एकच किंमत. यातलं खरं कोण बोलतंय? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: तिघंही खरं बोलत असतील.

आधी तिसऱ्याचं बघू. तो मर्सिडीजवाला असेल तर त्याच्यावर चिडू नका. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात विक्रीची पद्धतच बदलली. गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचं, किंमत सगळीकडे एक. शोरूमवाला गाडी दाखवतो, देतो, सर्व्हिस करतो आणि आपलं कमिशन घेतो. त्याच्यापुढे तासभर बसून ‘अजून थोडं बघा ना’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या हातात ते नाहीच. तिथे हलतात त्या गोष्टी वेगळ्या: तुमच्या जुन्या गाडीचा भाव, विमा, कर्जाचा दर आणि कंपनीनेच त्या महिन्यापुरती काढलेली एखादी योजना. बाकी बहुतेक ब्रँडांत मात्र डीलर गाडी स्वतः विकत घेतो आणि मग विकतो. तो आपल्या मार्जिनमधून सोडू शकतो, आणि सोडतोही.

आता पहिले दोघे. त्यांच्याकडून कॉस्ट शीट घ्या, छापील, तारीख घातलेली. व्हॉट्सॲपवर ‘सर बेस्ट प्राइस’ असं आलेलं काही धरू नका. हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे घेते. गाडीची मूळ किंमत ५० लाख. मोठ्या एसयूव्हीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे, म्हणजे एक्स-शोरूम झाली ७० लाख. त्यावर महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला, तुमच्या वैयक्तिक नावावर, १५ टक्के वाहनकर: साडेदहा लाख. पेट्रोलला तेरा टक्के, म्हणजे याच किमतीत १ लाख ४० हजार कमी. (रोज मानपाडा ते वागळे इस्टेट एवढंच जाणार असाल तर डिझेल कशाला, हा प्रश्न घरी एकदा विचारून बघा. छोट्या फेऱ्यांत डिझेलचा धूर गाळणारा फिल्टर तुंबतो.) पुढे टीसीएस, म्हणजे गाडी विकताना शोरूम तुमच्याकडून आगाऊ घेऊन सरकारला भरतो तो आयकर, १ टक्का, ७० हजार. विमा समजा २ लाख ८० हजार. आणि शेवटी ‘इतर’ या नावाखाली ८५ हजार. बेरीज ८४ लाख ८५ हजार.

या कागदावर पेन्सिलने दोन खुणा करा. सरकारच्या हातातलं आणि शोरूमच्या हातातलं. जीएसटी, वाहनकर, टीसीएस यावर घासाघीस होत नाही. टीसीएस तर तुमचाच पैसा आहे, आयकर खात्यात तुमच्या नावावर जमा दिसतो आणि आयकरात वळता होतो, त्याला खर्च धरूच नका. उरलं काय? डीलरचं मार्जिन, विमा आणि ‘इतर’. तुमची सगळी लढाई या तीन ओळींत आहे.

‘इतर’पासून सुरू करा, कारण तिथे सगळ्यात कमी लाज वाटते. हँडलिंग चार्जेस म्हणजे काय, त्याची सरकारी पावती मिळेल का, एवढंच शांतपणे विचारायचं. पावती नसते. मॅट, मडफ्लॅप, पेंट कोटिंग यांचं ‘एसेन्शियल किट’ करून ते आधीच शीटमध्ये घातलेलं असतं; नको म्हटलं की निघतं.

विम्याची गंमत जरा सविस्तर सांगते. डीलरकडूनच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती कोणी करू शकत नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा लागतो, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा पुरतो. बाहेरून दोन कोटेशन आणा, पण दोन्हीकडे आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी गाडीची धरते ती किंमत, एकच आहे का ते बघा. ७० लाखांच्या नव्या गाडीची आयडीव्ही पाच टक्के वजा जाऊन साडेसहासष्ट लाख यायला हवी. ती साठ दाखवली की प्रीमियम आपोआप स्वस्त दिसतो आणि गाडी चोरीला गेली की रडायची वेळ येते. झिरो डेप (सुट्या भागांची भरपाई घट न कापता), रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाएवढी रक्कम) आणि इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन गेलं तर भरपाई) ही तीन जोडकामं आपल्याकडे हवीतच. इंजिन प्रोटेक्ट का, हे जुलैमध्ये घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला मी काय सांगायचं! बाहेरचं कोटेशन टेबलावर ठेवलं की शोरूमचा आकडा बहुतेक वेळा त्याच बैठकीत खाली येतो.

आता तुमचा हिशेब मांडते. पहिल्याकडे ८४.८५ मधून चार गेले: ८० लाख ८५ हजार. दुसऱ्याकडे अडीच गेले आणि विम्याचे २ लाख ८० हजार गेले: ७९ लाख ५५ हजार. दुसरा स्वस्त वाटतो ना? पण तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या त्याच्या शीटमध्ये खाली बारीक अक्षरात १ लाख ६० हजारांच्या ॲक्सेसरीज आहेत, आणि त्या घेतल्या तरच विमा फ्री. झाले ८१ लाख १५ हजार. म्हणून सूट किती हे विचारूच नका. ‘सगळं धरून, गाडी माझ्या नावावर होऊन दारात येईपर्यंत माझ्या खात्यातून एकूण किती जाणार?’ हा एकच प्रश्न तिन्ही ठिकाणी त्याच शब्दांत विचारा.

आणखी एक. काही शीटवर ‘जीएसटी बेनिफिट ५ लाख’ अशी ओळ अजून दिसते. पूर्वी अशा गाडीवर जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्के होते, म्हणजे हीच गाडी ७५ लाखांची. कर कमी झाला म्हणून ती ७० ची झाली. ते पाच लाख सरकारने सोडलेत, डीलरने नाही. ती ओळ सुटीत मोजणाऱ्याला हसून सांगा की ही ओळ खोडा, मग बोलू.

आता खरी चावी. आमच्या सेल्स मॅनेजरच्या केबिनमध्ये पांढरा फळा होता, त्यावर पडदा. गिऱ्हाईक आत आलं की पडदा ओढलेला. फळ्यावर प्रत्येक गाडीच्या शॅसी नंबरचे शेवटचे चार आकडे, रंग, आणि पुढे ती किती दिवस उभी आहे ते. साठ दिवसांपर्यंत निळ्या पेनाने, नव्वदच्या पुढे लाल. शोरूमवाला गाड्या बँकेच्या पैशांवर आणतो. साठ लाखांवर नऊ टक्के व्याज म्हटलं तरी एक उभी गाडी महिन्याला ४५ हजार खाते, आणि ती व्याजाची नोंद मीच घालायची. एकदा वाशीच्या एका डॉक्टरबाई आल्या. डायरी उघडून पहिलाच प्रश्न: ‘तुमच्याकडे सगळ्यात जास्त दिवस उभी असलेली गाडी कोणती?’ चौदा वर्षांत हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. फळ्यावर एक तपकिरी गाडी होती, आत फिकट बेज लेदर, १४२ दिवस, लाल. बाईंना रंगाशी देणंघेणं नव्हतं. सात लाख कमी झाले, तेही बिलात.

बिलात, हा शब्द महत्त्वाचा. ‘आत्ता पूर्ण भरा, दोन लाखांची क्रेडिट नोट नंतर देतो’ याला हो म्हणायचं असेल तर ती तारखेसह लेखी घ्या. माझ्या काळात दोन क्रेडिट नोटा वर्षभर पडून होत्या. गिऱ्हाईकं विसरली आणि आम्ही आठवण करून दिली नाही. मला तसं सांगितलेलं होतं, मी गप्प बसले. अजून बोचतं.

भाव ठरला की शॅसी नंबर कॉस्ट शीटवर लिहून घ्या आणि बिल फाडायच्या आधी तीच गाडी यार्डात जाऊन बघा. बहुतेक जण शोरूममधल्या चकचकीत गाडीवर हात फिरवतात आणि भलत्याच गाडीचे पैसे भरतात. म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर! यार्डातली गाडी पावसाळाभर उघड्यावर असू शकते. किलोमीटर बघा, बॅटरी बघा, टायरवरचे चार आकडे बघा. ३२२५ म्हणजे २०२५ सालचा बत्तिसावा आठवडा. पाचही टायरचे आकडे आसपासचे हवेत. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापून येणार आहेच, तो आधीच विचारलेला बरा.

राहता राहिला ईएमआय. भावाचं बोलणं रंगात आलं की पोरगा म्हणणार, ‘मॅडम, ईएमआय किती झेपेल ते सांगा, बाकी मी बसवतो.’ तो बसवतोच. ६० लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं घेतलं तर हप्ता साधारण सव्वा लाख. सात वर्षांचं केलं की साडेशहाण्णव हजार. अठ्ठावीस हजारांनी हलकं वाटतं, आणि व्याज सव्वासहा लाखांहून जास्त वाढतं. म्हणजे आधीची चार लाखांची सूट धुऊन वर दोन लाख गेले. गाडीचा भाव पूर्ण ठरून सही होईपर्यंत कर्जाचा विषय काढू नका. कर्जावर शोरूमला बँकेकडून कमिशन असतं, म्हणून तुमच्या बँकेचा दर खिशात घेऊनच जा.

प्रश्न: सासरे म्हणतात पितृपक्षात शोरूमची पायरीही चढायची नाही. नवरा म्हणतो डिसेंबरमध्ये घेऊ, तेव्हा सगळ्यात स्वस्त. मला दसऱ्याला दारात गाडी हवी आहे. काय करू? (सीवूड्स)

उत्तर: सासऱ्यांचा मान राखून सांगते, पितृपक्षातच जा.

त्या पंधरवड्यात आमचं शोरूम इतकं रिकामं असायचं की रिसेप्शनवरची मुलगी स्वेटर विणायची. पण महिन्याचं टार्गेट काही पितरांसाठी थांबत नाही. त्यातून सप्टेंबरची अखेर म्हणजे तिमाहीची अखेर. पितृपक्ष तिच्या आसपास आला की मॅनेजर हळवा होतो. भाव करा, लेखी घ्या, टोकन घटस्थापनेला भरा, पूजा दसऱ्याला. पायरी सासऱ्यांनी चढायची नाही, तुम्ही चढा. २०२६ मध्ये तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, तोही असाच सुस्त महिना. उलट दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी भाव करायला जाणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी दादरला फुलांचा भाव करण्यासारखं.

डिसेंबरबद्दल नवऱ्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. सूट मोठी असते, कारण १ जानेवारीला तीच गाडी ‘गेल्या वर्षीची’ होते. विकताना समोरचा महिना बघत नाही, साल बघतो. सात-आठ वर्षं वापरणार असाल तर डिसेंबरची सूट निव्वळ नफा. दर तीन वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर ती सूट म्हणजे पुढे होणारं नुकसान आधीच हातात दिलंय एवढंच.

प्रश्न: वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं युनिट आहे. सीए म्हणतो गाडी कंपनीच्या नावावर घ्या, घसारा मिळेल. शोरूमवाला म्हणतो स्वतःच्या नावावर घ्या. (ठाणे पश्चिम)

उत्तर: कंपनीच्या नावावर महाराष्ट्रात वाहनकर २० टक्के. वरच्याच ७० लाखांच्या डिझेल गाडीला १४ लाख, म्हणजे साडेतीन लाख जास्त. गाडी त्याहून महागडी असेल तर १ जुलै २०२५ पासून कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली आहे, तेही लक्षात असू द्या. घसारा वर्षाला १५ टक्क्यांनी मिळतो, व्याज आणि विमा खर्चात टाकता येतो, पण गाडीवरचा जीएसटी परत मिळत नाही. पुष्कळ जण तो मिळेल या भ्रमात असतात. सीएला सांगा, पाच वर्षांत आयकरात एकूण किती वाचेल तो आकडा लिहून दे. तो साडेतीन लाखांच्या बराच वर असेल तर सीए बरोबर. भागीदारी किंवा प्रोप्रायटरशिप असेल तर नोंदणी कोणाच्या नावावर धरतात हे आधी नीट विचारून घ्या.

प्रश्न: नवी परवडत नाही म्हणून जवळजवळ नवी बघतोय, तशीच सात सीटची, एक्स-शोरूम ७० लाखांची. दोन पर्याय आहेत. एक, शोरूमची स्वतःची डेमो कार, ११ महिने, ९,४०० किलोमीटर, ७२ लाख मागताहेत. म्हणतात, ‘नवी ८५ ला पडते, तेरा लाख वाचतात.’ दुसरी, वाशीच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे, १४ महिन्यांची, १६,००० किलोमीटर, ६४ लाख, पण नंबर दिल्लीचा. दिसायला अप्रतिम आहे. (खारघर)

उत्तर: ‘दिसायला अप्रतिम’ हे शब्द पत्रातून खोडून टाका, मग पुढे वाचा.

माझे दीर असेच एकदा भुलले होते. तुर्भे एमआयडीसीच्या एका गल्लीत एका डीलरकडे दीड वर्षाची पांढरी एसयूव्ही, काचेसारखी चकचकीत, आत अत्तराचा घमघमाट. मला हिशेब बघायला नेलं होतं. ते दोघं भावाचं बोलत होते तेव्हा मी मागच्या सीटवर बसले आणि काही उद्योग नाही म्हणून सीटबेल्ट ओढला. ओढतच गेले. पट्टा शेवटपर्यंत बाहेर आल्यावर टोकाकडच्या वीतभर भागावर फिकट तपकिरी आडवी रेघ दिसली, चहाच्या कपाला राहते तशी. बोट फिरवलं तर बारीक गाळ लागला. मग डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचलायला लावलं. खाली बोल्टवर गंज, कोपऱ्यात वाळलेली माती. गाडी कुठल्या तरी पुरात बुडालेली होती. सीट धुता येतात, कार्पेट बदलता येतं, पण सीटबेल्टच्या पोटातला भाग कोणी धूत बसत नाही. डीलर म्हणाला, ‘ताई, वॉशिंगचं पाणी असेल.’ दिरांनी मुकाट्याने चप्पल घातली.

तेव्हा दोन्ही गाड्यांचे सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टायरचे आकडे आणि काचांवरचे खुणांचे आकडे जुळवा. एकच काच वेगळ्या सालची असेल तर का, ते विचारा. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलेला असेल तर बॉनेट उतरवलेलं आहे. शॅसी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसची पूर्ण यादी काढून घ्या. किलोमीटर तिथे खोटं बोलत नाहीत.

आता भाव. ‘नवी ८५ ला पडते’ ही तुलनाच चुकीची. ८५ मध्ये नव्या गाडीचा विमा, टीसीएस, मॅट सगळं आहे. तुलना आजच्या एक्स-शोरूमशी करायची. आजच्या, हे लक्षात घ्या. ती डेमो कार घेतली तेव्हा जीएसटी-सेस ५० टक्के असेल तर तिची एक्स-शोरूम तेव्हा ७५ होती आणि ते तोच आकडा मनात धरून बसलेत. आज नवी ७० ला आहे. तेव्हा कर जास्त होता ही त्यांची अडचण. सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीची आयडीव्ही काढताना विमा कंपन्या १५ टक्के घट धरतात. ७० चे राहिले साडेएकोणसाठ. गाडीचा वाहनकर आधीच भरलेला आहे, तो तुमचा वाचतो, त्याचे चार-पाच लाख मी धरीन. पूर्ण साडेदहा धरणार नाही, कारण आरसीवर तुम्ही दुसरे मालक असणार आणि वॉरंटीचं एक वर्ष संपत आलंय. तेव्हा चौसष्ट-साडेचौसष्ट हा माझा आकडा. बोलणं साठपासून सुरू करा. ते म्हणतील आम्ही कंपनीच्या नावावर २० टक्के टॅक्स भरलाय. भरला असेल. तुम्ही नवी घेतली असती तर १५ भरला असता, एवढंच तुमचं उत्तर.

डेमो कारचं एक मात्र सांगते. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी टेस्ट ड्राइव्हला येणारी निम्मी पोरं गाडी घेणारी नसायची. इंजिन थंड असताना पाय पूर्ण दाबायचा, पाम बीच रोडवर जाऊन ब्रेक मारायचा, वर सेल्फी. तरीही मी अनोळखी गाडीपेक्षा डेमो घेईन, कारण तिचा सगळा इतिहास एकाच छपराखाली असतो. भावात आणखी उतरत नसतील तर नवे टायर, ब्रेक पॅड आणि वाढीव वॉरंटी लेखी मागा. शोरूमला या गोष्टी आपल्या भावात पडतात, तुम्हाला बाजारभावात. म्हणून त्या सोडताना त्यांचा हात सैल असतो.

दिल्लीची गाडी ६४ ला नाहीच. दिल्लीहून एनओसी, इथे पुन्हा वाहनकर. गाडी जेमतेम वर्षाची असल्याने वयाची सवलत थोडीच मिळणार. नऊ लाख तरी धरून चला. तिथे भरलेल्या कराचा परतावा मिळवायला कोण हेलपाटे मारणार? झाली ७३ लाख. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिकडे जे निर्बंध आले त्यामुळे दिल्लीत डिझेल लवकर स्वस्त होते आणि ट्रेलरवर बसून इकडे येते. डीलर म्हणाला ‘वर १८ टक्के जीएसटी लागेल’ तर त्याला विचारा कशावर. जुन्या गाडीच्या विक्रीत तो डीलरच्या मार्जिनवर असतो, पूर्ण किमतीवर नाही, आणि ठरलेल्या भावात तो आलेलाच असायला हवा.

ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, व्होल्वो या सगळ्यांची स्वतःची प्रमाणित जुन्या गाड्यांची दालनं आहेत. तिथे भाव चढा असतो, पण तपासणी आणि वॉरंटी कागदावर मिळते. तिथला आकडा एकदा विचारून या; वाशीच्या डीलरसमोर उपयोगी पडेल.

कागदाचं थोडक्यात. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, ई-चलन किती थकलेत ते बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करताना तारीख कोरी सोडू नका. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका. मुलगा ऐंशी लाखांची गाडी घेतोय आणि मला बरोबर ने म्हणतेय तर म्हणतो, ‘आई, तू तिथे भाव करशील, लाज वाटेल.’ मी जांभळी नाक्यावर मेथीच्या जुडीला भाव करते हे खरं आहे. (चरई, ठाणे)

उत्तर: त्याला सांगा, ताकाला जाऊन भांडं लपवू नये.

बाई, तुम्ही जाच. आमच्या शोरूममध्ये सगळ्यात महाग गाडी नेहमी त्याला जायची ज्याला लाज वाटायची. कॅपुचिनो येतो, गुबगुबीत सोफा, ‘सर’ ‘सर’ चालतं आणि माणसाला वाटतं की आता दहा हजारांचं हँडलिंग काढा म्हणणं कोतेपणाचं दिसेल. करोडोंची उलाढाल असलेले बिल्डर माझ्या टेबलासमोर उभे राहून फास्टॅगचे पाचशे रुपये वजा करून घेऊन गेलेत आणि त्यांच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही.

जांभळी नाक्यावर तुम्ही काय करता? भाव विचारता, जुडी उलटून बघता, आपला भाव सांगता आणि गप्प राहता. मग दोन पावलं पुढे जाता. इथेही तेच. आकडा सांगून झाला की गप्प बसा, कॅपुचिनो गार झाला तरी. समोरचा पोरगा ‘मॅनेजरला विचारून येतो’ म्हणून उठेल. पहिल्यांदा तो खरंच विचारायला जातो, दुसऱ्यांदा पँट्रीत पाणी पिऊन येतो. तिसऱ्यांदा मॅनेजर स्वतः आला तर समजा भाव जवळ आलाय. नाही आला तर कॉस्ट शीट पर्समध्ये घाला आणि निघा. शक्यतो महिन्याच्या २५ तारखेनंतर जा. फोन येतो. मुलाला सांगा, नंबर तुझा नाही, आईचा दे.

प्रश्न: भाव झाला, बुकिंग झालं. आता सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो स्टॅक पार्किंगमध्ये गाडी बसणार नाही. (पातलीपाडा)

उत्तर: तो बरोबर असण्याची शक्यता दाट आहे. बीएमडब्ल्यूची एक्स-५ काय किंवा ऑडीची क्यू-७ काय, दोन्ही जवळजवळ दोन मीटर रुंद आणि दोन टनांच्या वर. पॅलेटच्या, म्हणजे गाडी उभी करायच्या लोखंडी पाटाच्या, खांबाजवळ वजन, उंची, रुंदीची पाटी असते. आमच्या सोसायटीत ती २००० किलोची आहे. मेजर टेप घेऊन आज संध्याकाळीच खाली उतरा, आरसे धरून रुंदी मोजा, पाटीचा फोटो काढा. बसत नसेल तर बिल फाडायच्या आधी बुकिंग रद्द केल्यास किती कापतात हे बुकिंग फॉर्मच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं, ते वाचा आणि उद्या सकाळी शोरूम उघडताच जा. गाडी बदलायची म्हणालात तर कापणार नाहीत; गिऱ्हाईक हातचं जाण्यापेक्षा त्यांना ते परवडतं. आणि गेलाच आहात तर सगळ्यात जास्त दिवस उभी असलेली लहान गाडी कोणती, तेही विचारा.